जिनिंगमधला सोमवार

माझ्या पहिल्या संशोधनात मी असं सिद्ध केलं होतं, की कापसाच्या धुळीनं कुणाच्याही छातीला काहीही होत नाही. हे सिद्ध करताना मी एका जिनिंगच्या आवारात, कडुनिंबाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या बाया खोकत होत्या. खोकल्यासाठी माझ्याकडे वेगळा रकाना होता. तो मी नीट भरत होते. पण मुख्य प्रश्न खोकल्याचा नव्हता.

तेव्हा मी यवतमाळला एमडी करत होते. विषय पीएसएम, म्हणजे आजार झाल्यावर औषध देण्याऐवजी तो कुणाला होतो, का होतो आणि कसा टाळता येईल हे शोधण्याचं शास्त्र. आमच्या बॅचमध्ये या विषयाची ख्याती अशी, की ज्याला दुसरं काही मिळत नाही त्याच्या पदरी हा पडतो. मी तो मागून घेतला आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे आणि कुणीही विश्वास ठेवायचं नाही. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी डॉक्टर हाये, पन तिच्यापाशी पेशंट नसते." एकदा आत्या नेरहून एसटीनं गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आली. मी तिला समजावलं, "आत्या, मी एका माणसाचा आजार नाही पाहत. शंभर माणसांत किती जणांना आजार आहे, ते पाहते." आत्यानं एक्स-रे परत पिशवीत घातला.

"मंग बाकीचे नव्व्यान्नव कोठून आनू?" ती म्हणाली.

माझे गाइड म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. अंगानं काटकुळे, आवाज मात्र भारदस्त. खिशात दोन पेनं असायची. त्यातलं एक कुणी मागितलं तर द्यायला असे, आणि ते चालत नसे. विद्यार्थ्याला विषय द्यायची त्यांची एक रीत होती. ते खिडकीबाहेर बघायचे. मी विषय मागायला गेले तेव्हा कापसाचा हंगाम होता आणि रस्त्यावरून एक ट्रक चालला होता. कापूस इतका भरलेला, की ट्रकपेक्षा कापूसच रुंद.

"ते चाललं पाहा," सर म्हणाले. "त्याच्या मागं जा."

मी मागं गेले. नेरच्या रस्त्यावर बाजाराच्या एका गावाजवळ जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. सरकी काढणाऱ्या यंत्रांना रेचे म्हणतात. त्या रेच्यांवर बाया कापूस टाकत उभ्या असत. शेडमध्ये पाच मिनिटं थांबलं, की पापण्यांवर पांढरं साचायचं.

जिनिंगचे मालक, म्हणजे शेठ, पन्नाशीचे होते. फार अदबीनं वागले. खुर्ची दिली, चहा मागवला. "मॅडम, आपल्याकडं सगळं एक नंबर आहे. खुशाल तपासा." त्यांची लेखी परवानगी हवी म्हणून मी पत्र लिहून नेलं होतं. मसुदा माझा, सही सरांची. शेवटच्या ओळीवर मी विशेष खूश होते. 'अभ्यासाचे सर्व निष्कर्ष आपणांस सविस्तर कळविण्यात येतील.' या ओळीनं पुढं काय केलं, ते सांगतेच.

आता आजाराविषयी थोडं. कापसाची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की छातीचा एक आजार होतो. त्याची गंमत अशी, की तो सुरुवातीला रोज त्रास देत नाही. माणूस सुटी घेऊन परत कामावर आला, की त्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वास पुरत नाही. मग दोन-तीन दिवसांत सैल पडते. माणसाला वाटतं, बरं झालं. पुढची सुटी झाली, की पुन्हा तेच. असं करत करत काही वर्षांनी ती कायमचीच आवळलेली राहते. जगभर या आजाराची चौकशी करायला एक ठरलेली प्रश्नावली वापरतात. ती इंग्रजीत होती. मी शब्दकोश घेऊन तिचं मराठी केलं. त्यातला मुख्य प्रश्न होता, 'सोमवारी कामावर आल्यानंतर आपणांस छातीत आवळल्यासारखे वाटते काय?'

'आवळल्यासारखे' या शब्दासाठी मी एक अख्खी दुपार घालवली होती. 'सोमवारी' या शब्दासाठी एक मिनिटही घालवलं नव्हतं.

तर मी तीन आठवडे प्रश्न विचारले. सोमवार ते बुधवार तिथं जायचे. गुरुवारी लेक्चर आणि शुक्रवारी आमच्या विभागात सेमिनार. बाया माझ्या प्रश्नांना शांतपणे 'नाई' म्हणत. एकीनं मात्र 'हो' म्हटलं. बाकी सगळं 'नाही, नाही, नाही'. कागद घेऊन मी सरांपुढं बसले तेव्हा त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे जगात ही पहिलीच जिनिंग, की जिथं कुणाची छाती आवळत नाही. डॉक्टरीणबाई, तुम्ही पेटंट घ्या."

"सर, एकीनं हो म्हटलं आहे. पण ती अपवाद धरावी लागेल."

"तिला भेटून या. सगळ्यांत एकटी वेगळं बोलली म्हणजे एक तर ती चुकली, नाही तर तुम्ही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी तिला गाठलं. बाया शेडच्या मागं सावलीत डबे सोडून बसल्या होत्या. जिनं 'हो' म्हटलं होतं ती तिशीची, गळ्यात काळी पोत, लाजाळू. मी विचारलं, "सोमवारी छातीत नक्की काय होतं?"

"जळजळ होते मॅडम," ती म्हणाली. "साबुदान्यानं."

"साबुदाण्यानं?"

"सोमवार असते ना माहा. उपास. साबुदाना चालत नाई मले, पन सासू तेच करते."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. माझ्या संशोधनातला एकुलता एक रुग्ण नुकताच बरा झाला होता.

तेव्हा त्यांच्यातली एक पंचेचाळिशीची बाई डबा बाजूला ठेवून माझ्याकडं वळली. तिला सगळ्या मावशी म्हणत, तिच्याहून मोठ्या बायासुद्धा. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया कापसानं पांढऱ्या झालेल्या, आणि त्यांच्याखालून अगदी थेट बघणारे डोळे. रेच्यावर ती सतरा हंगाम उभी होती.

"मॅडम, एक इचारू काय? राग नका येऊ देऊ."

"विचारा ना."

"तुमी सोमवारचंच काहून इचारता? आमी बाया तवापासून बोलून राह्यलो, का या मॅडमले सोमवारचं काय हाये?"

मी उत्तर द्यायच्या आत तीच पुढं म्हणाली, "मले वाटलं, कोन उपास करते अन कोन नाई, ते पाह्यत असतीन. आमी बौद्ध हावो. आमच्या घरी सोमवार नाई अन शनिवार नाई. मनलं, बाई जात काढून राह्यली असन. सरळ इचारत नसते ना कोनी. असंच आडून इचारते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. इतक्या वेळा असं झालं असणार, की तिनं ते नेहमीच्या धुळीसारखं झटकलं होतं. मी घाईघाईनं सांगितलं की तसं काही नाही, रविवारच्या सुटीनंतर कामावर आल्यावर त्रास होतो का, एवढंच विचारायचं होतं.

मावशीनं बायांकडं पाहिलं. बायांनी मावशीकडं पाहिलं.

"रविवारची सुटी?" ती म्हणाली. "बाप्पा! आमाले सुटी शुक्रवारी रायते. बाजार असते ना गावचा. रविवारी आमी इथीसाच असतो."

मी हातातल्या प्रश्नावलीकडं पाहिलं.

"अन छाती म्हनसान तर शनिवारी. शनिवारी सकायी रेच्यापाशी उभं राह्यलं का कोनी छातीवर बसल्यावानी होते. संध्याकायलोक दम पुरत नाई. सोमवारलोक उतरते. या सगळ्याइले इचारा."

मी सगळ्यांना विचारलं. कुणी 'हो' म्हटलं, कुणी नुसती मान हलवली. जिचा साबुदाणा होता तीही म्हणाली, "शनिवारी मलेबी होते, पन तुमी शनिवारचं इचारलंच नाई."

परतीच्या एसटीत मी प्रश्नावली मांडीवर घेऊन बसले होते. ती ज्यांनी लिहिली त्यांच्या देशात रविवारी सुटी असते, म्हणून तिथला त्रास सोमवारचा. इतकं साधं होतं. आणि शुक्रवारी मी सेमिनारला असायचे, त्यामुळं त्या दिवशी जिनिंगला कुलूप असतं, हे मला कळायचंही काही कारण नव्हतं. शुक्रवारच्या त्या सेमिनारचा एक विषय होता 'स्थानिक परिस्थितीची जाण'. तो मीच सादर केला होता.

सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "चला, म्हणजे बाया हुशार आहेत हे तरी सिद्ध झालं. सगळं पुन्हा करा. आणि हे सगळं थिसिसमध्ये लिहा."

"साबुदाणासुद्धा?"

"साबुदाणा तर आधी लिहा."

मी पुन्हा सुरुवात केली. प्रश्न बदलला, 'सुटीच्या दुसऱ्या दिवशी'. सोबत एक फुंकायची नळी नेली. दमात किती जोर आहे, ते तिच्यावरचा काटा दाखवतो. शनिवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी फुंकायचं आणि संध्याकाळी सुटताना पुन्हा. बायांना हा प्रकार भलताच आवडला. जन्मभर चूल फुंकलेल्या त्या. तोंड कसं लावायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. उलट मी करून दाखवायला गेले तर मावशी म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी गॅस हाये वाट्टे." काटा कुणाचा पुढं जातो यावरून चुरस लागायची. संध्याकाळी मात्र त्याच बायांचा काटा मागं यायचा, आणि तेव्हा कुणी थट्टा करायचं नाही.

दुसऱ्या शनिवारी शेठनं मला आत बोलावलं. त्यांची केबिन शेडला लागूनच होती. भिंतीत एक मोठी खिडकी ठेवलेली, कामावर नजर राहावी म्हणून. ती कायम उघडी. बोलता बोलता शेठ दोन-तीनदा खाकरले.

"मॅडम, तुम्ही लिहून दिलं आहे की निष्कर्ष कळवाल."

"हो, कळवणार ना."

"मग कोणाची छाती कमजोर आहे, तेवढी नावं द्या. त्यांना घरी आराम करू देऊ. उगाच आपल्यामुळं कुणाला त्रास नको."

ते हे मनापासून बोलत होते, असं मला तेव्हा वाटलं. आताही वाटतं, अर्धं तरी. मी म्हणायला हवं होतं, 'नावं मिळणार नाहीत.' मी म्हटलं, "बघते."

त्यानंतरच्या शनिवारी मी खुर्ची मांडून बसले आणि कुणीच आलं नाही. नळ्या, कागद, पेन, सगळं तयार. शेडमध्ये रेचे सुरू झाले. माझ्या टेबलावरून एक शेळी जरा वेळ हुंगून गेली. शेवटी मीच आत गेले. मावशी रेच्यावर कापूस टाकत होती. तिनं हात थांबवला नाही.

"काय झालं मावशी?"

"सुपरवायझर म्हने, मॅडम यादी देऊन राह्यली. ज्याचा काटा मांगं, त्याले काम बंद."

"मी यादी दिलेली नाही."

"देनार हाये का नाई?"

मी परत 'बघते' म्हणणार होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तो शब्द माझ्या तोंडातच राहिला.

"मॅडम," ती रेच्याच्या आवाजावरून ओरडली, "छाती माही दुखते, हे मी तुमाले सांगतलं. घरी नाई सांगतलं, शेठले नाई सांगतलं, तुमाले सांगतलं. तुमी आमाले बह्याड समजता काय?"

मी बाहेर आले. कडुनिंबाखाली बसले आणि सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "तिथंच थांबा," आणि दुपारच्या एसटीनं आले. आधी शेठकडं गेले नाहीत. जेवणाच्या सुटीत बायांमध्ये जाऊन पोत्यावर बसले.

"चूक या बाईंची नाही," ते म्हणाले. "पत्रावर सही माझी आहे. न वाचता केली. नावं कुणालाही मिळणार नाहीत. शेठला नाही, सरकारला नाही."

"अन तुमचंबी काय भरोसा?" मावशीनं विचारलं.

सरांनी माझ्या हातातली फाइल घेतली. त्यात एक कागद होता. बाकी सगळ्या कागदांवर नुसते आकडे, पण कुठला आकडा कुठल्या बाईचा, हे फक्त या एका कागदावर लिहिलेलं. त्यांनी तो काढून मावशीच्या हाती दिला.

"हा तुमच्यापाशी ठेवा. आमच्यापाशी दुसरी प्रत नाही."

मावशी नववीपर्यंत शिकलेली होती. तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला, चौकोनी घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. पुढच्या शनिवारी रांग लागली.

यानंतर मला कुठलंही नाव हवं असलं, की मावशीकडं जावं लागे. ती विचारायची, "कायले पाह्यजे?" मी कारण सांगायचे. तिला पटलं तर ती कागद काढायची, हातानं बाकीची नावं झाकायची आणि तेवढं एक दाखवायची. आमच्या कॉलेजात संशोधनाच्या नीतिमत्तेवर देखरेख ठेवायला एक समिती आहे. तिच्यात मोठमोठी माणसं आहेत. मावशीइतकी कडक समिती मी आजवर पाहिली नाही.

कागद मावशीकडं दिला त्या दिवशी परतताना एसटीत मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही माझी चूक स्वतःवर घेतली."

"नाही. पत्र मी वाचलं होतं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "शेवटची ओळ फार सुंदर होती. म्हणून तशीच राहू दिली. माझीच चूक."

अभ्यास संपल्यावर शेठना निष्कर्ष सांगायला आम्ही दोघं गेलो. नावं नव्हती, शेडचा नकाशा होता. काटा सर्वांत जास्त कुठं घसरतो, त्या जागा मी लाल केल्या होत्या. रेच्यांची रांग लाल, आणि सर्वांत गडद लाल तो कोपरा जिथून हवा बाहेरच जात नाही. तिथं पंखे बसवावेत, असं खाली लिहिलं होतं. शेठनं नकाशा बराच वेळ पाहिला. त्या गडद कोपऱ्याला लागून एक चौकोन होता.

"हे काय आहे?"

"ही तुमची केबिन," सर म्हणाले.

शेठ हसले. "मी थोडाच कापूस टाकतो?"

दारात मावशी आणि दोघी-तिघी बाया उभ्या होत्या. त्यांना आम्हीच बोलावलं होतं. मावशी म्हणाली, "शेठ, तुमीबी एकडाव फुका ना."

नाही म्हणायची सोय नव्हती. शेठनं नळी घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं. काटा जरासा हलला. त्यांनी पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना त्यांना ढास लागली. डोळ्यांत पाणी आलं.

"मशीन खराब आहे," ते म्हणाले.

मावशीनं नळी घेतली, पदरानं पुसली. मी घाईनं तोंडाचा भाग बदलून दिला. तिनं फुंकलं. काटा शेठच्या पुढं बराच गेला.

"मशीन बराबर हाये शेठ," ती हळूच म्हणाली. कुणी हसलं नाही. शेठ वीस वर्षांचे असल्यापासून त्या खिडकीशी बसत होते. विडी-सिगारेट काही नाही. इतकी वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवताना सगळ्यांचीच धूळ त्यांनी खाल्ली होती.

पुढच्या आठवड्यात ते बायकोला घेऊन आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात आले. सगळं त्यांच्या बायकोच बोलल्या. "रात्रभर खाकरतात, मी पाच वर्षांपासून सांगते. आता नळीनं सांगितलं तेव्हा पटलं."

महिनाभरानं मला कळलं, की शेठनं केबिन गेटजवळ हलवली आहे. मी संतापून सरांकडं गेले. "सर, स्वतः तेवढा पळाला! बाया तिथंच आहेत."

"केबिन हलली ना? मग पंखेही बसतील. तुम्ही फक्त जात राहा. दर आठवड्याला. काही बोलू नका, नुसता चहा प्या."

मी जात राहिले. मला बघितलं की शेठच बोलायला लागायचे, हे करतो, ते करतो. दुसऱ्या हंगामाच्या आधी कोपऱ्यातले पत्रे काढून तिथं हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे बसले. रेच्यावर एकीनं सलग उभं राहायचं नाही, पाळी बदलायची, असं ठरलं. तोंडाला लावायचे मास्कही आले होते. ते बायांनी जपून ठेवले आणि रुमालच बांधला, कारण मास्क नवे होते आणि धुळीत खराब झाले असते. शेजारच्या गावातल्या जिनिंगनं मात्र मला गेटच्या आत घेतलं नाही. तिथं आजही खिडक्या बंद असतात. सगळं झालं असं मी म्हणणार नाही. एका शेडमध्ये थोडं झालं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा जाड थिसिस उघडला आणि नेमकं साबुदाण्याचं पान काढलं. बाकी एकाही तक्त्यावर प्रश्न विचारला नाही. वीस मिनिटं त्या एका पानावर बोलले. शेवटी म्हणाले, "माझेही तीन उपास असतात. मला कुणी विचारलं नाही म्हणून बरं."

मावशीची छाती पूर्ण सैल झाली नाही. सतरा हंगामांची धूळ पंख्यांनी निघत नसते. एक हंगाम तिनं बाहेर आवारात काम केलं, मग डॉक्टरांनी तेही सोडायला सांगितलं. तोवर मी नोकरीला लागले होते आणि माझा पहिला स्वतंत्र अभ्यास सुरू होत होता, कापूस वेचणाऱ्या बायांच्या पाठदुखीचा. घरोघर जाऊन प्रश्न विचारायला माणसं हवी होती. मी मावशीला विचारलं. तिनं प्रश्नावली मागवली, दोन दिवस ठेवली आणि परत देताना सात प्रश्न खोडून दिले.

"हे का खोडले?"

"याचं उत्तर कोनी खरं देनार नाई. अन हा प्रश्न नवऱ्यासमोर इचारता येत नाई. अन हा तर तुमाले बी समजला नसन."

तो मला खरंच समजला नव्हता. पुस्तकात होता म्हणून घेतला होता.

पुढं सहा-सात वर्षं मावशीनं माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलं. पदव्युत्तर डॉक्टर मंडळी, गळ्यात स्टेथोस्कोप. मावशी पहिल्या दिवशी तो काढून पिशवीत ठेवायला लावायची. "ते पाह्यलं का बाया दुखनं सांगते. आपल्याले दुखनं नाई, काम इचारायचं हाये." दिवसभर कोण कसं काम करतं, कितीदा वाकतं, ओझं कुठल्या खांद्यावर घेतं, हे आधी नुसतं बघायचं. लिहायचं नाही. एका मुलानं विचारलं, "मावशी, लिहिलं नाही तर लक्षात कसं राहील?" मावशी म्हणाली, "तुले तुह्या मायचं काम लक्षात हाये का नाई?" त्याच्या लक्षात नव्हतं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. दिवाळीला घरी जाऊन दोन दिवस तो स्वयंपाकघरात बसला म्हणे. आईला वाटलं, पोरगा नापास झाला.

सर निवृत्त झाले आणि आता दारव्हा रोडला थोडी शेती करतात. तूर लावतात. मी गेले की तुरीवरच्या अळीचं प्रमाण सांगतात आणि नमुना कसा निवडला तेही सांगतात. फोनवर मी विद्यार्थ्यांच्या तक्रारी केल्या, की ते शांतपणे ऐकून घेतात आणि मग एखादी जुनी आठवण काढतात. ती नेहमी माझ्या चुकीची असते.

गेल्या हिवाळ्यात माझी एक विद्यार्थिनी राजूरला काम करत होती. मुलगी उमरखेडची, बोलायला कमी. कोळसा खाणीत जन्म घालवून निवृत्त झालेल्यांचे कान किती गेलेत, हा तिचा विषय. मी म्हटलं, एक दिवस मी सोबत येते, कसं विचारायचं ते दाखवते. पहिल्याच घरात एक म्हातारे बाजेवर बसले होते. मी समोर खुर्ची ओढली आणि त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्यानं विचारलं, "बाबा, ऐकू बरोबर येतं काय?"

"ओरडता कायले?" ते म्हणाले. "सगळं आयकू येते मले."

मी दुसरा प्रश्न विचारला. त्यांनी तिसऱ्याच गोष्टीचं उत्तर दिलं. मी आणखी आवाज चढवला. तेवढ्यात ती मुलगी उठली, म्हाताऱ्यांच्या डाव्या बाजूला जाऊन खाली जमिनीवर बसली आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाली. म्हातारे तिच्याकडं वळले आणि बोलायला लागले. उजवा कान गेला आहे, हे तिनं दारातून येतानाच पाहिलं होतं. बायकोनं उजवीकडून हाक मारली तेव्हा डावा कान पुढं आणायला ते सगळेच्या सगळे फिरले होते. मला ते दिसलं नव्हतं. मी खुर्ची शोधत होते.

थोड्या वेळानं त्यांची बायको माझ्याजवळ आली. "मॅडम, तुमी जराशा बाहीर बसा ना," ती अवघडून म्हणाली. "त्याइले तुमची लाज वाटून राह्यली. कान गेला म्हनून घरी बी कबूल नाई करत. या पोरीले सांगून राह्यले, त सांगू द्या."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. समोरून कोळशाचे ट्रक जात होते. आतून म्हाताऱ्यांचा आवाज येत होता, मधून त्या मुलीचा. पाऊण तास झाला. ती बाहेर आली तेव्हा कागद तिनं घडी करून हातातच ठेवला होता. मला दाखवला नाही.

"अजून दोन घरं आहेत मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही दमला असाल तर इथंच थांबा. मी येते करून."

"नाही नाही, येते मी," मी म्हटलं आणि तिच्या मागून चालायला लागले.